घाई फक्त बर्फाला

येनांचे रुपये करायचे नाहीत, अशी तंबी लेकीने विमानतळावरच दिली होती. "बाबा, एकदा का ते सुरू झालं की इथे तुम्हाला चहासुद्धा गोड लागणार नाही." तिची आई काही बोलली नाही. बँकेच्या काउंटरवर सगळी नोकरी काढलेल्या बाईला गुणाकार करायला तोंड उघडावं लागत नाही. नागातोरो गावातल्या त्या बोळात, दुकानाबाहेरच्या फळ्यावर 1,300 हा आकडा दिसला मात्र, माझ्या कानाशी उत्तर आलं.

"साडेसातशे. पाण्याचे."

"पाण्याचे कुठे? बर्फाचे."

"मग बर्फ कशाचा करतात?"

फळ्यावर त्याच्याखाली 700 येनांचाही बर्फ होता. म्हणजे दुकान एक, किसणारी बाई एक, वाडगा एक, आणि भाव दोन. स्वस्त तो कारखान्यातला, महाग तो डोंगरातला. लेकीने एवढं वाचून दाखवलं, दाराशी लटकवलेल्या कागदावर आमचं आडनाव लिहिलं आणि आम्ही बाहेरच्या बाकड्यावर टेकलो. दुकानाचं नाव मी सांगत नाही. तिथली रांग आहे तेवढी पुरे आहे.

आम्ही नागपूरचे. उन्हाबद्दल आम्हाला कुणी शिकवू नये अशी आमची एक रास्त गुर्मी असते. सकाळी तोक्योहून निघून कुमागायाला गाडी बदलली, तेव्हा लेक मोठ्या आदराने सांगत होती, की हे जपानातल्या सगळ्यात तापणाऱ्या गावांपैकी एक. 23 जुलै 2018 ला इथे 41.1 अंशांची नोंद झाली आणि तो देशाचा उच्चांक ठरला. पुढे दुसऱ्या गावांनी तो मोडला, पण कुमागायाचा अभिमान काही उतरलेला नाही. उन्हाळ्यात तिथल्या एका मोठ्या दुकानासमोर भलंथोरलं थर्मामीटर उभारतात आणि लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. 41 हा आकडा ऐकून बायकोला हसू आवरेना. आमच्याकडे मे महिन्यात पारा 41 वर आला तर लोक 'आज जरा बरं आहे' म्हणतात. नवतपा लागला की नागपूर, अकोला आणि चंद्रपूर यांच्यात कोण जास्त भाजलं याची चुरस असते, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ज्याचा आकडा खाली असतो त्या गावची माणसं चक्क हिरमुसतात.

अशी ही गुर्मीची माणसं चिचिबु रेल्वेच्या छोट्या गाडीतून नागातोरोला उतरली आणि स्टेशनाबाहेरच्या पहिल्या वळणावरच हरली. आमचं ऊन कोरडं. भाजतं, पण घाम वाळवून जातं. वाळ्याचे पडदे लावलेला कुलर त्याला पुरून उरतो. इथला पारा दिसायला 35 चा, पण हवाच पाण्याने भरलेली. घाम येतो तो मुक्कामालाच येतो. सावलीत गेलो तर तो तिथेही बरोबर. खिशात कांदा ठेवून जिंकायचं हे ऊन नव्हे. आराकावा नदीच्या काठी सपाट थरांचे प्रसिद्ध खडक आहेत, 1924 पासून सरकारने जपलेले. ते पाहायला म्हणून तर आलो होतो. पाहिलं न पाहिलं केलं आणि परत फिरलो. तेव्हा बोळाच्या तोंडाशी ते निशाण दिसलं : पांढरं कापड, खाली निळ्या लाटा, मध्ये लालभडक एकच अक्षर. उन्हाळ्यात हे निशाण ज्या दारावर लागतं तिथे काकीगोरी मिळते. किसलेला बर्फ, वर पाक. बस, एवढंच.

जपानी रांग ही पाहण्याची चीज आहे, कारण ती दिसतच नाही. सगळी रांग त्या कागदावर. नाव लिहायचं आणि कुठेही जायचं, नदीवर, देवळात, झाडाखाली. आपली पाळी आली की नेमके आपण तिथे असतो. कुणी डोकावत नाही, कुणी 'भाऊ, जरा अर्जंट आहे' म्हणत नाही. बायकोला हे काही पटेना. ती दर थोड्या वेळाने उठून कागद वाचून यायची. वाचता येत नव्हता, तरी.

"कुणी मध्ये घुसलं नाही ना?"

"आई, इथे घुसत नाहीत."

"म्हणून तर घुसणं सोपं आहे."

वेळ भरपूर होता, म्हणून तिच्या मघाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला घेतलं. या चिचिबुच्या खोऱ्यात 'असामी रेइझो' नावाची एक जुनी बर्फाची पेढी आहे, 1890 पासूनची. डोंगरातल्या पाण्याचा बर्फ धरणारे असे लोक एके काळी जपानभर होते. आता हाताच्या बोटांवर मोजावेत इतके उरलेत, काही इथे, काही निक्कोच्या डोंगरात. पद्धत ऐकायला सोपी. डोंगराच्या सावलीत उथळ तळं करायचं, त्यात झऱ्याचं पाणी सोडायचं आणि थंडीची वाट बघायची. पाणी वरून खाली गोठत जातं, दिवसाला जेमतेम सेंटीमीटरभर. कापण्याजोगी पंधराएक सेंटीमीटरची जाडी यायला पंधरवडा जातो. आणि तो पंधरवडा म्हणजे घरात नवं बाळ. तळ्यावर पान पडलं, उचला. धूळ बसली, झाडा. रात्री हिम पडायला लागलं तर अंथरुणातून उठून झाडू घेऊन पळा, कारण हिमाचा थर बसला की खालच्या पाण्याला ऊब मिळते आणि ते गोठायचं थांबतं. पाऊस आला तर सगळंच बोंबललं. झालेला बर्फ फोडून टाकायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. हे सगळं पार पडलं तर एका सकाळी करवतीने लाद्या कापतात, घसरगुंडीवरून बर्फघरात सोडतात आणि लाकडाच्या भुशात पुरून ठेवतात. तिथे त्या उन्हाळ्यापर्यंत पडून राहतात. हल्ली हिवाळेच उबदार होत चाललेत, त्यामुळे थंडीची वाट बघण्याचा भाग वाढलाय.

"म्हणजे साडेसातशे हे झाडण्याचे," बायको म्हणाली. तिला भाव कळला की वस्तू कळते.

स्वस्त बर्फालाही कमी लेखू नये. आपल्याकडे लग्नाकार्यात गोणपाटात गुंडाळून येते ती लादी मध्ये धुरकट पांढरी असते. काकीगोरीसाठीचा कारखान्यातला बर्फ दोन दिवसांहून जास्त वेळ सावकाश गोठवतात आणि खालून हवा सोडून पाणी सतत हलतं ठेवतात. त्यामुळे बुडबुडे बर्फात अडकत नाहीत; गोठताना क्षार मध्याकडे सरकतात आणि ते मधलं पाणी शेवटी काढून टाकतात. तयार होते ती 135 किलोंची लादी, पलीकडचा माणूस ओळखू येईल इतकी नितळ. म्हणजे 700 येनांतसुद्धा दोन दिवस आहेतच.

खरं सांगायचं तर बर्फाचा सगळा इतिहास ही एक धावपळ आहे. करायला वेळ, आणि एकदा झाला की वेळच नाही. इसवी सन 1000 च्या सुमारास, आपल्याकडे मराठीतले पहिले शिलालेख कोरले जात होते त्या काळात, क्योतोच्या दरबारातली सेई शोनागोन ही बाई आपल्या 'माकुरा नो सोशी' या पुस्तकात डौलदार वस्तूंची यादी करते आणि तीत नव्या धातूच्या वाडग्यातला, वेलीच्या रसाचा पाक घातलेला किसलेला बर्फ घालते. तो यायचा डोंगरातल्या बर्फघरांतून, आणि पोचायचा फक्त दरबारात. पुढे कानाझावाचे, म्हणजे कागा प्रांताचे सरदार सहाव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, शोगुनाला बर्फ नजर करायचे. डोंगर ओलांडून एदोपर्यंत, भर उन्हाळ्यात, माणसांच्या खांद्यावरून. नजराणा दर पावलागणिक हलका होत जाणं हे ओझं वाहणाऱ्याच्या दृष्टीने चांगलंच. पण शोगुनासमोर पेटी उघडायची वेळ ज्याच्यावर यायची त्याचा विचार करून मला घाम फुटतो. अर्थात घाम त्या दिवशी तसाही फुटलेलाच होता.

मग 1859 मध्ये योकोहामा बंदर खुलं झालं आणि गोऱ्या व्यापाऱ्यांना बर्फाशिवाय चालेना. बर्फ यायचा थेट अमेरिकेतल्या बोस्टनहून, अर्ध्या जगाला वळसा घालून. नाकागावा काहेई नावाच्या उद्योगी गृहस्थाला वाटलं, एवढा डोंगराळ आपला देश, आणि बर्फ बोस्टनचा? त्याने फुजीच्या पायथ्याचा बर्फ जहाजात भरला. योकोहामाला पोचेतो बहुतेक पाणी. दुसरीकडून आणला, तोही गेला. गडी हटला नाही. शेवटी उत्तरेत हाकोदातेला, गोर्योकाकु या चांदणीच्या आकाराच्या किल्ल्याच्या खंदकातलं पाणी त्याला फळलं. 1869 मध्ये जुन्या राजवटीची शेवटची लढाई याच किल्ल्यावर झाली होती. तोफा थंडावतात न थंडावतात तोच याने तिथे करवती लावल्या आणि 'हाकोदातेचा बर्फ' म्हणून तो विकून बोस्टनवाल्यांना बाजारातून उठवलं.

बोस्टनच्या या बर्फाशी आपलंही नातं आहे. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने 1833 मध्ये कलकत्त्याला जहाज धाडलं. निघताना 180 टन, उतरताना सुमारे 100. राहिलेला बर्फ समुद्राला मिळाला. लवकरच मुंबईतही कोटात, गोदीजवळ, बर्फघर उभं राहिलं. जमशेटजी जिजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं, खाणाऱ्यांना पडसं झालं आणि वर्तमानपत्राने त्याचीही बातमी केली, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असावी असं मला मनापासून वाटतं. बर्फ खाऊन घसा धरला की कुणीतरी 'सांगितलं होतं' म्हणणारं भेटतंच. जमशेटजींना ते छापील भेटलं एवढंच.

एवढ्यात दारातून आमचं आडनाव पुकारलं गेलं. त्यातल्या जोडाक्षरांचे सुटे भाग झाले होते, पण पुढे 'सामा' लावल्यामुळे ऐकायला भारदस्त वाटलं. आम्ही उठलो.

आत चार टेबलं, एक भिंतीवरचा पंखा आणि ओट्यामागे सत्तरीच्या पुढची, पांढरा रुमाल डोक्याला घट्ट बांधलेली आजी. तिच्यासमोर बिडाचं, हिरव्या रंगाचं यंत्र. चाकाच्या दांड्यावरचा रंग मात्र हाताने पार पुसून गेलेला. 1887 मध्ये मुराकामी हानझाबुरो याने बर्फ किसायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याआधी सुताराचा रंधा उलटा धरून त्यावर बर्फ घासायचे. आमच्या सीताबर्डीवरचा गोळेवाला अजून तेच करतो, फक्त त्याच्या पाटाला पातं कायमचं बसवलेलं असतं.

तुम्ही सांगितलं आणि तिने किसला, असं तिथे होत नाही. लादीचा तुकडा आधीपासून बाहेर काढून ठेवलेला होता. फ्रीझरमधून आलेल्या बर्फावर पांढरी साय असते. ती जाऊन अंग ओलं चकाकायला लागेपर्यंत आजी त्याला हात लावत नाही. गारठलेला बर्फ पात्याखाली गेला की त्याचा भुगा होतो. थोडा सैलावला की पापुद्रे निघतात. तिने तळहात लादीवर टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला. मग पात्याचा स्क्रू किंचित फिरवला. चाकाचे दोन वेढे. पडलेला कीस चिमटीत घेऊन पाहिला, टाकून दिला. स्क्रू परत किंचित. पुन्हा दोन वेढे, पुन्हा चिमूट. आता पापुद्रे हवेतच अर्धं वळण घेऊन वाडग्यात पडायला लागले. उजवा हात चाक फिरवतोय, डावा वाडगा फिरवतोय, दोघांची गती वेगळी. अर्धा भरल्यावर एक पळी पाक, वर आणखी बर्फ, आणखी पाक. शेवटी दोन्ही तळवे पोकळ करून तिने त्या ढिगाला नुसता आकार दाखवला, लावला नाही. आमचा गोळेवाला जिवाच्या आकांताने दाबतो, कारण त्याला काडीवर गोळा टिकवायचाय. हिला काहीच टिकवायचं नव्हतं.

मी डोंगरातला घेतला, नुसत्या साखरेच्या पाकाचा. लेकीने स्ट्रॉबेरी. बायकोने तत्त्व म्हणून 700 वाला, आणि त्यावर 30–40 रुपये जास्तीचे पडले तरी चालतील म्हणून मात्चा आणि लाल अझुकी डाळीचं गोड सारण. ऊजी किन्तोकी म्हणतात त्याला. पहिला चमचा तोंडात गेला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अहो, पुरण! बर्फात पुरण घातलंय यांनी!"

आजूबाजूला पाहिलं तर टेबलाटेबलावर एक अजब चित्र होतं. हीच माणसं मघापासून बाहेर दीड-दीड तास शांतपणे बसली होती. कुणी घड्याळ पाहिलं नव्हतं. जिन्यावर आधी तुम्ही म्हणून एकमेकांना वाट देणारी, गाडी अर्धा मिनिट उशिरा आली की माफी मागणारी माणसं. आणि आता वाडगा पुढ्यात येताच सगळे मान खाली घालून कामाला लागले होते. दोन मुलींनी फोटो काढला, तोही असा की जणू कुणी मागे लागलंय. शेजारच्या टेबलावर इस्त्रीच्या शर्टातले एक वृद्ध गृहस्थ होते. ते ढीग वरून खात नव्हते. एका बाजूने बोगदा खणत आत शिरत होते, आणि दुसऱ्या हाताचं बोट पलीकडून आधाराला लावलेलं होतं. शेवया सुर्रकन ओढायला इथे मुभा आहे, बर्फाला नाही. सगळं चिडीचूप आणि सुसाट. मला ती माणसं त्या क्षणी फार जवळची वाटली. इतका वेळ त्यांच्या संयमाने मला दडपून टाकलं होतं. आता कळलं की कोणीतरी एकजण आहे ज्याच्यापुढे त्यांचंही काही चालत नाही.

बायकोने फर्मान काढलं की डोळे मिटा आणि ओळखा. मग आम्ही दोघांनी एकमेकांच्या वाडग्यातला, पाक न लागलेला चमचा-चमचा खाल्ला. तिचा निकाल तयारच होता : "दोन्ही पाणी." मला फरक लागला. डोंगरातला जरा रेंगाळल्यासारखा वाटला, आणि 1,300 येन दिलेल्या माणसाला तसं वाटणं भागच होतं. पण माझं मत विचाराल तर त्या दुकानात चव होती ती स्क्रूच्या त्या किंचित फिरवण्याची. तीच आजी, तोच हात. त्या हाताखाली स्वस्त बर्फानेही आपली पायरी सोडली होती. पापुद्रा जिभेवर ठेवला की चावायला काही उरतच नाही. आधी गारवा येतो, गोडवा मागाहून.

डोंगरातल्या बर्फाने डोकं दुखत नाही, असं तिथे सगळे सांगतात. लेकीनेही सांगितलं. तिचं वाक्य संपायच्या आत माझ्या कपाळात कळ गेली. टाळू एकदम गार पडली की तिथल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि लगेच फुगतात; त्याची वर्दी चेहऱ्याच्या नसेतून वर जाते आणि मेंदू पत्ता चुकून दुखणं कपाळावर उतरवतो. डोकेदुखीच्या वैद्यकीय वर्गीकरणात याला स्वतःची जागा आहे. टाळूला बर्फाचं गाव कळत नाही, तपमान कळतं. लादी आधी सैलावून घेतल्यामुळे बर्फ कमी गार लागतो, एवढं खरं. पण माझ्यासारखा बोगदा खणायला लागला तर आजी तरी काय करणार? ती लांबूनच हसली आणि गरम चहाचा पेला पुढे सरकवला. म्हणजे तो तयारच होता.

कपाळ धरून बसलो तेवढ्यात माझा ढीग खचला. बायकोचा वाडगा केव्हाच लखलखीत झाला होता.

"दुसरा सांग ना," ती लेकीला म्हणाली.

"एकाला एकच. फळ्यावर लिहिलंय. बाहेर लोक थांबलेत."

बाहेरच्या लोकांबद्दल बायकोला मघापर्यंत संशय होता, आता सहानुभूती वाटली. तिने माझा वाडगा ओढून घेतला आणि डोंगरातलं साडेसातशेचं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

निघताना तिने लेकीला दुभाषी करून आजीशी गप्पा जुळवल्या. एवढा वेळ कुणी नावाचा कागद घेऊन बसलं नसतं तर तिने आजीची सुना-नातवंडं विचारली असती. वेळ नव्हता म्हणून मुद्द्यावर आली. हिवाळ्यात बर्फ कोण खाणार? मग तेव्हा तुम्ही काय करता?

आजी म्हणाली, रताळी भाजते. मंद आचेवर, सावकाश. त्यांना घाई नसते, गिऱ्हाइकांनी बसून आरामात खावीत.

बायकोने पायात चपला सरकवता सरकवता क्षणभर विचार केला.

"कार्तिकीला उघडं असतं का, तेवढं विचार," ती लेकीला म्हणाली. "रताळी उपासाला चालतात."